जुन्या मोटारीचे ब्रेक सिलिंडर : दुरुस्ती की बदल?

दसऱ्याच्या सकाळी नाशिकमधील अनेक वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या अंगणांत एखादी जुनी फियाट, ॲम्बॅसिडर किंवा जीप धुऊन-पुसून उभी केली जाते. बॉनेटवर झेंडूची माळ चढते, चाकांखाली लिंबे ठेवली जातात आणि कित्येक महिने झाकून ठेवलेले इंजिन चोक ओढून सुरू केले जाते. इंजिनाने दाद दिली की गाडी ‘चालू स्थितीत’ आहे, असा घरातल्यांचा समज होतो. ती थांबते की नाही, हा प्रश्न मात्र बहुधा फाटकाशी पोहोचल्यावर उभा राहतो. पायाखालचे पेडल कोणताही विरोध न करता तळाला टेकते आणि मग ब्रेक सिलिंडरची आठवण होते.

जुन्या मोटारींचा शौक वाढला, तसे रंगकाम, क्रोम आणि गाद्या यांवर होणारा खर्चही वाढला. ब्रेकच्या वाट्याला त्यातले फारसे येत नाही, कारण तो दिसत नाही. शिवाय किरकोळ किमतीच्या रबरी किटमध्ये काम भागते, अशी समजूत रूढ आहे. ती काही वेळा खरी असते आणि काही वेळा जिवावर बेतणारी. किट टाकायचे, सिलिंडर बदलायचा की त्याला स्लीव्ह बसवायची, याचा निर्णय किटच्या किमतीवर नव्हे, तर सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागाच्या अवस्थेवर घ्यावा लागतो.

रचना आणि कार्य

द्रवचलित ब्रेकचा पाया फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडलेल्या नियमात आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा तो नियम. चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील पिस्टन पुढे सरकतो, दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो आणि तेथील व्हील सिलिंडरचे पिस्टन ब्रेक शूंना ड्रमवर दाबतात.

एका उदाहरणावरून या रचनेची ताकद लक्षात येते. पायाचा जोर ३० किलो आणि पेडलची तरफ पाचपट धरली, तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १५० किलोचा भार येतो. या सिलिंडरचा आतला व्यास पाऊण इंच असेल, तर द्रवात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५२ किलो दाब निर्माण होतो. एक इंच व्यासाच्या व्हील सिलिंडरमधील प्रत्येक पिस्टन त्या दाबाने सुमारे २६५ किलोचा जोर शूवर टाकतो. एवढा दाब अडवून धरतो तो केवळ एक रबरी कप आणि त्याच्याभोवतीची बिडाची गुळगुळीत भिंत. गॅरेजच्या भाषेत या पोकळीला ‘बोअर’ म्हणतात.

ही पद्धत मोटारीत आणण्याचे श्रेय अमेरिकेतील माल्कम लॉखीड यांना दिले जाते. त्यांच्या पद्धतीचे ब्रेक १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या ‘मॉडेल ए’ या गाडीला चारही चाकांवर बसवण्यात आले. सुरुवातीचे कप चामड्याचे होते आणि ते झिरपत. १९२४ मध्ये क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्यांच्या जागी रबरी कप आणले आणि मगच ही पद्धत खऱ्या अर्थाने विश्वासार्ह ठरली. शंभर वर्षांनंतरही ड्रम ब्रेकच्या सिलिंडरची रचना मूलतः तीच आहे.

एकाच नळीवर भिस्त

नाशिक परिसरात जतन केलेल्या गाड्यांत तीन घराण्यांची संख्या लक्षणीय आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातली फियाट ११००, जी १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली, ही पहिली. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसिडर ही दुसरी. विलीज जीपच्या परंपरेतून आलेल्या महिंद्राच्या जीपा ही तिसरी. सातपूरला महिंद्राचा कारखाना आणि देवळालीला लष्कराचे तोफखाना विद्यालय असल्याने जीप या शहराला परकी नाही.

या पिढीतील बहुतेक गाड्यांची ब्रेकयंत्रणा एकेरी आहे, म्हणजे एकाच मास्टर सिलिंडरमधून निघालेला दाब चारही चाकांना जातो. आजच्या गाड्यांतील टँडम मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र कप्पे असतात. एका बाजूची गळती झाली, तरी दुसरी बाजू दोन चाके अडवू शकते. एकेरी यंत्रणेत ही सोय नाही. एका चाकातला एक कप फाटला की चारही चाकांचा ब्रेक एकाच वेळी जातो आणि चालकाच्या हाती उरतात फक्त गिअर आणि हातब्रेक. त्यामुळे अशा गाडीत ‘तीन चाकांचे सिलिंडर चांगले आहेत’ या म्हणण्याला अर्थ नसतो. सर्वांत दुबळा सिलिंडर जेवढा सक्षम, तेवढाच त्या गाडीचा ब्रेक सक्षम.

उभी गाडी का बिघडते?

सतत धावणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचे सिलिंडर लवकर खराब होतात, ही गोष्ट अनेकांना पटत नाही. तिचे कारण ब्रेकच्या द्रवात आहे. बोलण्यात त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हटले जात असले, तरी ते तेल नव्हे. प्रचलित द्रव ग्लायकॉल वर्गातील रसायनांचा असून तो हवेतील ओलावा शोषून घेतो. टाकीच्या झाकणाचे सूक्ष्म छिद्र आणि रबरी नळ्या यांतून वर्षानुवर्षे पाण्याचा अंश आत जातो. इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यातल्या पावसाळ्याची हवा या शोषणाला पोषकच असते. पाण्याने गढूळ झालेला द्रव आणि गाळ आडव्या सिलिंडरच्या तळाशी साचतो आणि बिडाला गंज चढून बारीक खड्डे पडतात.

येथूनच एक नेहमीची तक्रार जन्म घेते. ‘नवे लायनर टाकले आणि आठवड्यात सिलिंडर गळू लागला’ असे मालक सांगतात आणि दोष लायनरला किंवा मेकॅनिकला दिला जातो. झिजलेल्या लायनरमुळे पिस्टन बाहेरच्या बाजूस सरकलेले असतात. जाड, नवे लायनर बसताच ते पुन्हा आत ढकलले जातात आणि रबरी कप नेमके गाळ व गंज साचलेल्या मधल्या भागात येऊन बसतात. त्या खरखरीत भिंतीवर ते थोड्याच दिवसांत झिजतात. म्हणून लायनर बदलताना व्हील सिलिंडर उघडून पाहणे हा त्या कामाचाच भाग समजला पाहिजे.

लक्षणे आणि त्यांचे अर्थ

पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठेही ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचा मुख्य कप दाब धरत नाही, असा अर्थ होतो. द्रव बाहेर न पडता कपाला वळसा घालून मागे परततो. चाकाच्या आतल्या बाजूस, टायरवर किंवा ड्रमच्या मागील पत्र्यावर ओलसर डाग दिसला, तर त्या चाकाचा सिलिंडर गळत आहे. रबरी धूळकव्हर जरा उचलून पाहिल्यास आत द्रव साचलेला आढळतो. पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर नळ्यांत हवा आहे. मात्र हवा काढून काही दिवसांत तेच घडले, तर ती कोठून शिरते हे शोधावे लागते. गाडी ब्रेकसरशी एका बाजूला ओढली जात असेल, तर एखादा पिस्टन अडकला आहे किंवा लायनरवर द्रव उतरला आहे.

ब्रेक सुटतच नाही, ही उलट तक्रारही सिलिंडरशी संबंधित असू शकते. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारे एक अतिशय बारीक छिद्र असते. पाय काढल्यावर दाब मोकळा करण्याचे काम ते करते. छिद्र गाळाने बुजले, किंवा पेडलला मोकळी चाल न ठेवल्यामुळे कप त्यावरच बसून राहिला, तर चाके तापत राहतात. आतून सुजलेली जुनी रबरी नळीदेखील द्रव जाऊ देते, पण परतू देत नाही. म्हणून केवळ सिलिंडर बदलून नळ्या तशाच ठेवणे हे अर्धवट काम ठरते.

निर्णय कसा घ्यावा?

सिलिंडर उघडून, आतून पुसून, विजेरीच्या उजेडात बोअर पाहावा. भिंत आरशासारखी चकचकीत असेल, तर नवे कप आणि धूळकव्हरे घालून सिलिंडर पुन्हा वापरता येतो. हलका डाग किंवा तकतकीत थर असेल, तर बारीक होनिंगने तो निघतो. होनिंगचा उद्देश पृष्ठभाग साफ करणे एवढाच आहे, खड्डे घासून काढणे हा नव्हे. खड्डा जाईपर्यंत घासल्यास बोअर मूळ मापापेक्षा मोठा होतो आणि मूळ मापाचा कप त्यात सैल पडतो. नख अडकेल असा खड्डा किंवा लांबीच्या दिशेची चर दिसली, तर तो सिलिंडर किटच्या पलीकडे गेला, असे समजावे.

अशा वेळी पहिला पर्याय नव्या सिलिंडरचा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे फियाटच्या सुट्या भागांना दीर्घकाळ हुकमी गिऱ्हाईक होते. पद्मिनीचे उत्पादन थांबल्यावरही टॅक्सी धावत राहिल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून हे पर्व संपले. ती हुकमी मागणीही त्याबरोबर संपली. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘नवा’ सिलिंडरही उघडूनच बसवावा. त्यातील रबर वयाने कडक झालेले असू शकते.

दुसरा पर्याय स्लीव्हचा. जुना बोअर मोठा करून त्यात स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे अस्तर बसवतात आणि ते मूळ मापाला आणून होनिंग करतात. अस्तर गंजत नाही आणि मूळ मापाचेच कप चालतात. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळे अचूक यंत्रकाम करणारे कारागीर नाशिकमध्ये दुर्मिळ नाहीत. मात्र हे काम केवळ लेथचे नाही. मास्टर सिलिंडरमधील बारीक छिद्रे अस्तरातून पुन्हा नेमक्या जागी पाडावी लागतात, त्यांच्या आतल्या कडांची धार पूर्णपणे मोडावी लागते आणि अस्तरामागून द्रव झिरपणार नाही याची खात्री करावी लागते. धार राहिली, तर नवा कप पहिल्या काही दाबांतच कापला जातो.

तिसरा, आणि टाळण्याजोगा, पर्याय म्हणजे दुसऱ्या गाडीचा ‘जवळपास बसणारा’ सिलिंडर. पाऊण इंची मास्टर सिलिंडरच्या जागी सात अष्टमांश इंची बसवला, तर क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. पेडल उंच आणि घट्ट लागते, त्यामुळे मालक खूश होतो. प्रत्यक्षात तेवढ्याच दाबासाठी पायाला ३६ टक्के अधिक जोर लावावा लागतो. आटेही वेगळे असतात. फियाटचे माप मेट्रिक, तर ॲम्बॅसिडरचे इंची परंपरेतले आहे. न जुळणारे आटे जोराने आवळले, तर नट बसल्यासारखा वाटतो, पण दाबाखाली टिकत नाही.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट जागी घेऊन, न उचललेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, मजबूत स्टँड लावावेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. एका वेळी एकाच बाजूचे चाक उघडले, तर दुसरी बाजू स्प्रिंगांच्या मांडणीचा नमुना म्हणून शाबूत राहते. एका आसावरील दोन्ही सिलिंडरांचे काम मात्र एकाच खेपेस करावे.

गंजलेले नट गंज सोडवणारा द्रव लावून मुरू द्यावेत. उघड्या तोंडाच्या सैल पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि मग चांगली नळीही कापावी लागते. सिलिंडरचे भाग मेथिलेटेड स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक द्रवाने धुवावेत. पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल यांचा एक थेंबही या रबराला लागता कामा नये. खनिज तेलाने ते फुगते, मऊ पडते आणि पिस्टन जागीच अडकतो. ‘ब्रेक ऑइल’ या नावामुळे टाकीत साधे तेल ओतले गेले, तर सर्व सिलिंडर आणि नळ्यांतील रबर बदलण्यावाचून उपाय उरत नाही.

होनिंग किंवा बारीक पॉलिश कागदाचा वापर बोअरच्या गोलाईने करावा, लांबीच्या दिशेने नव्हे. लांबीच्या दिशेचा ओरखडा म्हणजे द्रवाला बाहेर पडण्याची तयार वाट. कप बसवताना त्याची ओठासारखी कड द्रवाच्या बाजूस असावी. सर्व भाग ताज्या ब्रेक द्रवात भिजवून बोटांनीच बसवावेत, स्क्रूड्रायव्हरने ढकलू नयेत. मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्यापूर्वी टेबलावरच भरून त्यातील हवा काढली, तर पुढचे काम निम्मे होते.

आधी शूंचे ॲडजस्टमेंट आणि मगच हवा काढणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. शू सैल असतील, तर हवा निघूनही पेडल खालीच लागते आणि दोष उगाच सिलिंडरवर येतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल, तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. एकाने पेडल सावकाश दाबावे, दुसऱ्याने निपल उघडावे आणि पेडल सुटण्यापूर्वी बंद करावे. जुन्या मास्टर सिलिंडरवर धडाधड पेडल मारणे घातक असते. कप रोजच्या चालीपलीकडे, बोअरच्या गंजलेल्या टोकापर्यंत जातो आणि चांगला असलेला सिलिंडरही त्याच दिवशी निकामी होतो. निघालेला द्रव स्वच्छ दिसला, तरी टाकीत परत ओतू नये. रंगावर सांडलेला द्रव ताबडतोब पाण्याने धुवावा.

काम संपल्यावर पेडल एक मिनिट जोराने दाबून धरावे. ते किंचितही खाली जाता कामा नये. रात्रभर प्रत्येक चाकाखाली कागद अंथरून ठेवल्यास बारीक गळतीही सकाळी दिसते. त्यानंतरच मोकळ्या मैदानात कमी वेगाने चाचणी घ्यावी. हातब्रेकची तपासणी या सर्वांच्या आधी झालेली असावी.

घाटाची कसोटी

नाशिककरांच्या गाडीची खरी परीक्षा कसाऱ्याच्या घाटात होते. या उतारावर गाडी सुमारे ३०० मीटर खाली येते. प्रवाशांसह एक हजार किलो वजनाच्या गाडीने हा सारा उतार केवळ ब्रेकवर कापला, तर निर्माण होणारी उष्णता सुमारे नऊ लिटर पाणी उकळीला आणू शकेल. ती ड्रममधून सिलिंडरपर्यंत आणि तेथून द्रवापर्यंत पोहोचते.

डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यानंतरची किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. घाटाखाली अर्धा तास गाडी उभी केली की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल पूर्ववत घट्ट लागते. मेकॅनिकला मग काहीच सापडत नाही, आणि ‘आपोआप बरी झालेली’ गाडी पुढच्या उतारावर तशीच जाते. दर दोन वर्षांनी द्रव संपूर्ण बदलणे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे, हे यावरचे साधे उपाय होत. सिलिकॉनचा डॉट ५ द्रव ओलावा शोषत नाही, पण तो ग्लायकॉलच्या द्रवात मिसळत नाही. त्यामुळे जुन्या द्रवावर तो कधीही ओतू नये.

नियम आणि जबाबदारी

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे ठेवण्यात आली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसून प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. इतर जुन्या खासगी मोटारींना पंधरा वर्षांनंतर परिवहन कार्यालयातील तपासणीतून जावे लागते. परंतु तपासणीच्या दिवशी थांबलेली गाडी वर्षभर उभी राहिल्यानंतर थांबेलच, याची हमी कोणताही शिक्का देत नाही.

काही मालक मूळपणाला धक्का नको म्हणून एकेरी यंत्रणाच ठेवतात, तर काही जण टँडम मास्टर सिलिंडर बसवून घेतात. दुसरा मार्ग अधिक सुरक्षित असला, तरी तो जाणकाराच्या हातूनच व्हायला हवा. नळ्यांची विभागणी आणि सिलिंडरांची मापे परस्परांशी जुळावी लागतात. एकेरी यंत्रणा ठेवणाऱ्याने मात्र तिच्या मर्यादा मान्य करूनच गाडी चालवावी. वर्षातून एकदा, बहुतेकांच्या सोयीने पावसाळा संपल्यावर, चारही चाके काढून धूळकव्हरे उचलून पाहावीत, टाकीतील पातळी आणि द्रवाचा रंग तपासावा. दसऱ्याच्या पूजेआधीच्या रविवारी एवढे केले, तरी पुरेसे आहे.